विल्बर राइट: इंजिन सगळ्यात शेवटी लावणारा माणूस

राइट बंधूंनी विमानाचा शोध लावला, हे आपण शाळेत पाठ केलेलं वाक्य. पण ते विमान कुठल्या कंपनीत किंवा सरकारी प्रयोगशाळेत बनलं नव्हतं. दोन भावांनी ते आपल्या सायकलच्या दुकानात बनवलं, पूर्ण हजार डॉलरही खर्च न करता, आणि त्यावर पालथे झोपून स्वतःच उडाले. आजच्या भाषेत हे होमबिल्ट विमान. त्या काळात असले उद्योग करणारे लोक मरायचे. हे दोघे कसे वाचले? याचं बरंचसं उत्तर थोरल्या भावाच्या, विल्बरच्या स्वभावात सापडतं.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मिलव्हिल गावाजवळ. ऑर्विल त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. वडील चर्चमध्ये बिशप. घरात हत्यारं हाताळण्यात हुशार होती ती आई. शाळा संपत आली तेव्हा विल्बरला पुढे येल विद्यापीठात पाठवायचा विचार चालू होता. पण १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना स्टिक तोंडावर बसली आणि समोरचे दात गेले. तब्येत ढासळली, येल राहूनच गेलं. पुढची काही वर्षं तो ओहायोतल्या डेटन शहरात, घरातच होता. क्षयाने आजारी असलेल्या आईची सेवा करायची आणि वडिलांच्या पुस्तकांचा फडशा पाडायचा, एवढंच. आई १८८९ मध्ये गेली. मग भावाबरोबर छापखाना काढला, १८९२ मध्ये सायकलचं दुकान टाकलं. दोघांकडेही डिग्री नव्हती. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा ओशाळल्यासारखं होतं, पण असो.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल ग्लायडरवरून पडून मेला. तो त्या काळातला सगळ्यात अनुभवी उडणारा माणूस, दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केलेला. विल्बरने नंतर हिशोब मांडला की पाच वर्षांत त्याचा हवेतला वेळ एकूण जेमतेम पाच तास भरला असेल. म्हणजे जगातला सगळ्यात तरबेज माणूससुद्धा शिकाऊच होता. बाकी बरेच लोक जास्त ताकदीचं इंजिन शोधत होते. विल्बरला वाटलं, खरा प्रश्न ताकदीचा नाही, ताब्याचा आहे. सायकलवाल्याला हे पटकन कळणार, कारण सायकल मुळात अस्थिरच असते. ती पडत नाही, कारण आपण सतत तिला सावरत असतो.

३० मे १८९९ ला त्याने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावरची माहिती मागवली. त्याच उन्हाळ्यात दुकानात सायकलच्या ट्यूबचा रिकामा खोका हातात पिळता पिळता त्याच्या लक्षात आलं, की पंखही असाच पिळता येईल. एका बाजूला उचल वाढवायची, दुसऱ्या बाजूला कमी करायची, की विमान हवं तिकडे कलतं. आधी हे पतंगावर करून पाहिलं. मग १९०० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या किटी हॉकला ग्लायडर नेलं. तिथे वारा भरपूर, आणि पडलं तर खाली मऊ वाळू. ग्लायडर बराच वेळ दोरीला बांधून, माणसाशिवायच उडवलं. घरी विमान बनवणाऱ्यांसाठी अमेरिकेत आजही साधारण असाच नियम आहे. सुरुवातीचे २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या भागातच उडायचं, प्रवासी घ्यायचा नाही.

१९०१ चं ग्लायडर मात्र फसलं. गणित सांगत होतं त्यापेक्षा उचल खूपच कमी. चूक कुठे होती? हवेच्या दाबाचा एक स्थिरांक सगळे जण ०.००५ धरत होते. जॉन स्मीटनच्या नावाने ओळखला जाणारा हा आकडा शंभरहून जास्त वर्षं जुना, आणि एकमेकांचं बघून सगळे तोच वापरत आलेले. (स्टॅक ओव्हरफ्लोवरून न वाचता कोड उचलण्याची सवय किती जुनी आहे बघा.) खरा आकडा ०.००३३ च्या जवळ निघाला. मग भावांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवून तिच्यात पंख्याने हवा सोडली. हॅकसॉचं पातं आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून मोजायचे काटे बनवले, आणि २०० च्या आसपास छोटे पंख तपासले. माझ्या मते विमानाचा शोध खरा इथे लागला. किटी हॉकला त्याचं फक्त डेमो झालं.

१९०२ च्या ग्लायडरवर त्यांनी शेकडो उड्डाणं केली. उंची वर-खाली करणारा आडवा पृष्ठभाग, म्हणजे एलिव्हेटर, त्यांनी मागे न लावता पुढे लावला होता. विमानाचं नाक फार वर गेलं, की पंखावरची हवा सुटते आणि उचल अचानक संपते. याला स्टॉल म्हणतात, आणि लिलिएन्थाल अशाच प्रसंगात डोक्यावर पडला होता. राइटांचं ग्लायडर स्टॉल झालं की नाकावर न आपटता बऱ्याचदा सपाटच खाली बसायचं. वळताना खाली गेलेला पंख कधी कधी वाळूत रुतायचा आणि ग्लायडर गोल फिरायचं. ह्याला ते चेष्टेने विहीर खोदणं म्हणायचे. हलणारं उभं शेपूट बसवल्यावर तेही थांबलं.

एवढं सगळं जमल्यावर मग इंजिन. दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने ते सहा आठवड्यांत बनवलं, साधारण १२ अश्वशक्तीचं. १४ डिसेंबर १९०३ ला टॉस विल्बरने जिंकला, पण नाक जास्त उचललं आणि साडेतीन सेकंदांत विमान वाळूत. १७ तारखेला पहिली पाळी ऑर्विलची: १२ सेकंद, १२० फूट. दिवसातलं चौथं आणि शेवटचं उड्डाण विल्बरचं: ५९ सेकंद, ८५२ फूट.

त्या विमानावर काय काय बसवलं होतं? वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, स्टॉपवॉच, आणि इंजिनाचे फेरे मोजणारा काउंटर. एकच दांडा ओढला की इंजिन आणि ही तिन्ही यंत्रं एकदम बंद. पायलटने उडता उडता बघावीत म्हणून ती नव्हतीच. खाली उतरल्यावर हवेत किती अंतर कापलं, किती वेळ लागला, इंजिन किती फिरलं, हे कळावं म्हणून होती. म्हणजे पहिल्या विमानालाच डेटा लॉगर होता! पुढे त्यांनी विमानाच्या पुढच्या भागात एक साधी दोरीही बांधली. विमान बाजूला घसरायला लागलं की दोरी तिरकी होते. किंमत शून्य, बॅटरी लागत नाही. आजही ग्लायडरच्या काचेवर असाच लोकरीचा धागा चिकटवलेला असतो.

१९०४-०५ मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणात सराव चालू राहिला. १९०५ च्या जुलैमध्ये ऑर्विल जोरात आपटला, तेव्हा एलिव्हेटर मोठा करून आणखी पुढे नेला. तरी घट्ट वळणात विमान मधूनच ताब्यात राहायचं नाही. सप्टेंबरच्या शेवटी ऑर्विल एका काटेरी झाडावर जाऊन आदळणार, तेवढ्यात त्याने नाक खाली केलं आणि विमान सावरलं. तेव्हा कारण समजलं. वळणात पंखावरचा भार वाढतो, त्यामुळे वेगही जास्त लागतो. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात हेच विसरून छोटी विमानं आजही पडतात. त्यानंतर आठवडाभरातच, ५ ऑक्टोबरला, विल्बर ३९ मिनिटं गोल गोल उडत राहिला आणि इंधन संपल्यावर उतरला.

ऑगस्ट १९०८ मध्ये त्याने फ्रान्समध्ये ल मांजवळ उडून दाखवलं आणि युरोप थक्क झाला. १७ सप्टेंबरला तिकडे अमेरिकेत, फोर्ट मायरला, ऑर्विलचं विमान कोसळलं. सोबतचा लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात गेलेला हा पहिला माणूस. प्रोपेलरचं पातं चिरलं, ते शेपटीच्या तारेत अडकलं आणि शेपूट वाकलं. विल्बरला हे फार लागलं. आपण तिथे असतो तर हे झालं नसतं, असं त्याला वाटत राहिलं. चार दिवसांनी तो पुन्हा उडाला, तासाभराहून जास्त.

१९०९ च्या शरदात न्यूयॉर्कला पाण्यावरून उडायचं होतं. लाइफ जॅकेटची पद्धत नव्हती. विल्बरने बाजारातून लाल रंगाची होडी, म्हणजे कनू, विकत घेतली आणि विमानाखाली बांधून टाकली. पडलोच तर तरंगू. ४ ऑक्टोबरला हडसन नदीवरून ग्रँटच्या समाधीपर्यंत जाऊन तो ३३ मिनिटांत परतला. होडी लागली नाही. पण त्याच दुपारी दुसऱ्या उड्डाणासाठी इंजिन चालू करताना सिलिंडर फुटला. जमिनीवर फुटला म्हणून बरं.

वडिलांना दिलेल्या शब्दामुळे दोघे भाऊ एकत्र उडत नसत. २५ मे १९१० ला परवानगी घेऊन एकदाच उडाले. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीने जत्रांमध्ये कसरती दाखवणारी पायलटांची टीम काढली, आणि इथे मला विल्बरचा निर्णय पटत नाही. विमान विकता येतं, दहा वर्षांची सावधगिरी विकता येत नाही. नोव्हेंबरमध्ये राल्फ जॉन्स्टन गेला, ३१ डिसेंबरला आर्च हॉक्सी. शेवटी १९११ मध्ये टीम बंद केली. विल्बरचा बराचसा वेळ तोपर्यंत पेटंटच्या खटल्यांत जात होता. ३० मे १९१२ ला टायफॉइडने तो गेला, वय ४५.

विमान आपोआप तोल सांभाळेल अशा यंत्राच्या पेटंटसाठी दोघांनी १९०८ मध्येच अर्ज केला होता. नाक वर-खाली झालेलं कळायला एक पाती आणि बाजूला कललेलं कळायला एक लंबक, अशी त्याची रचना. पेटंट १९१३ मध्ये मिळालं. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ऑर्विलने हफमन प्रेअरीवर परीक्षकांसमोर ते चालवून दाखवलं, दोन्ही हात वर करून.