गोवराचा माग काढणारे डॉक्टर पानूम

मागच्या वर्षी शिमग्यानंतर आमच्या आळीत एका लहान मुलाला गोवर निघाला. त्यांच्या दाराला कडुनिंबाची डहाळी लावली. आम्हां मुलांना त्या घराकडे फिरकायला बंदी केली. पण माझी आजी रोज तिथं जायची. त्या पोराजवळ बसायची, त्याला पेज भरवायची. मला भीती वाटली, कारण म्हातारी माणसं आधीच अशक्त असतात. आजीला विचारलं तर ती हसली. तिला लहानपणीच गोवर निघून गेला होता, म्हणून आता परत होणार नाही, असं तिचं म्हणणं. मला काही ते खरं वाटेना. इतक्या वर्षांपूर्वीचं शरीराला कसं आठवेल? आजी तर चष्मा कुठं ठेवला तेही विसरते.

मी वर्गात गुरुजींना विचारलं. तेव्हा त्यांनी आम्हाला डॉक्टर पानूम यांची गोष्ट सांगितली. ती मला इतकी आवडली की मी भित्तिपत्रकासाठी त्यांचंच चरित्र लिहायचं ठरवलं.

पीटर लुडविग पानूम यांचा जन्म १९ डिसेंबर १८२० रोजी डेन्मार्क देशातील बोर्नहोल्म या बेटावर रोन्ने गावी झाला. त्यांचे वडील लष्करात डॉक्टर होते. पानूम यांनीही वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि १८४५ साली ते कोपनहेगन येथे डॉक्टरकीची परीक्षा पास झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्यावर मोठं काम येऊन पडलं. तेव्हा त्यांचं वय फक्त २५ वर्षं होतं.

डेन्मार्कच्या राज्यात फेरो नावाची बेटं आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला भर समुद्रात ती आहेत. एकूण १८ बेटं आणि त्यातल्या १७ वर वस्ती. तिथले लोक मेंढ्या पाळायचे, मासे धरायचे आणि छपरावर गवत वाढवायचे. (छपरावर गवत म्हणजे आपल्यासारखं शाकारलेलं नव्हे, मातीत उगवलेलं हिरवं गवत!) एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर होडीनं किंवा डोंगर चढून. बाहेरची माणसं फार थोडी यायची, त्यामुळे बाहेरचे रोगही येत नसत. १७८१ साली तिथं गोवराची साथ आली होती. त्यानंतर ६५ वर्षं त्या बेटांवर गोवर आलाच नाही.

मग १८४६ च्या मार्च महिन्यात एक सुतार कोपनहेगनहून जहाजानं निघाला. निघण्याआधी तो गोवराच्या आजाऱ्यांना भेटून आला होता. २८ मार्चला तो टोर्सहावन या गावी उतरला तेव्हा चांगला धडधाकट होता. एप्रिलच्या सुरुवातीला त्याला गोवर निघाला आणि त्याच्यापासून तो सगळीकडे पसरला. बेटांवर साधारण ७,८०० माणसं राहत होती, त्यातली सुमारे ६,००० आजारी पडली. घरच्या घरं अंथरुणाला खिळली. पाणी द्यायलाही कुणी उभं नव्हतं. बरीच माणसं दगावली.

तेव्हा सरकारनं पानूम आणि मानिकुस नावाचे दुसरे एक तरुण डॉक्टर यांना तिकडे पाठवलं. त्या काळी गोवरावर औषध नव्हतं. खरं तर आजही गोवराचा विषाणू मारणारं खास औषध नाही, ताप आणि अशक्तपणा यांवर उपचार करतात. विषाणू तर तेव्हा कुणाला माहीतच नव्हता. कित्येक लोकांना वाटायचं की असे रोग वाईट हवेमुळे आपोआप उपजतात. पानूम होडीत बसून गावोगाव हिंडले, ५२ गावांत गेले. घरोघरी विचारत गेले की पहिल्यांदा कोण आजारी पडलं, कोणत्या तारखेला, आणि त्याआधी तो माणूस कुठं गेला होता. सगळं लिहून ठेवलं.

एका गावाची हकीगत मला फार आवडली. ट्योर्नुविक नावाच्या गावातले दहा जण ४ जूनला होडीनं दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीला गेले. तिथं पुष्कळ गर्दी होती. परत आले तेव्हा सगळे ठीक. आणि १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर एकदमच पुरळ आलं! पानूम यांनी दिवस मोजले. चौदा. दुसऱ्या गावांतही त्यांनी असेच दिवस मोजले, तर १३-१४ च यायचे. म्हणजे गोवर वाईट हवेतून उपजत नाही, तो माणसाकडून माणसाकडे येतो, हे त्यांना पक्कं कळलं. काही गावांनी बाहेरच्या माणसांना येऊच दिलं नाही आणि ती गावं वाचली, हेही त्यांनी पाहिलं.

आता माझ्या आजीचा प्रश्न. पानूम यांच्या लक्षात आलं की काही फार म्हातारी माणसं घरात आजारी नातवंडांजवळ बसूनही ठणठणीत आहेत. चौकशी केली, तर त्या सर्वांना १७८१ च्या साथीत, लहानपणी, गोवर झालेला होता. अशी ९८ म्हातारी माणसं त्यांनी स्वतः पाहिली. त्यातल्या एकालाही दुसऱ्यांदा गोवर झाला नाही. एकालाही नाही!

पण मला वाटलं, कदाचित म्हाताऱ्या माणसांना गोवर होतच नसेल. मी हे वर्गात बोललो तेव्हा गुरुजी खूश झाले. कारण पानूम यांनी तेही तपासलं होतं. १७८१ च्या साथीतून जी मुलं सुटली होती, ती आता म्हातारी झाली होती, आणि त्यांच्याकडे साथ पोचली तेव्हा त्यांना मात्र गोवर झाला. म्हणजे म्हातारपणामुळे कुणी वाचलं नव्हतं. एकदा झालेल्या गोवरामुळे वाचले होते. शिवाय मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर नव्हताच, त्यामुळे शरीराला उजळणी करायलाही मिळाली नव्हती. उजळणीशिवाय ६५ वर्षं लक्षात ठेवलं! आम्हाला तेराचा पाढा रविवारच्या सुट्टीत विसरायला होतो.

हे कसं होतं ते आता शास्त्रज्ञांना समजलं आहे. गोवर अंगावर दिसतो पण शिरतो श्वासावाटे. आधी सर्दी, खोकला, लाल डोळे आणि मग पुरळ. गोवराचा विषाणू १९५४ साली पहिल्यांदा प्रयोगशाळेत वेगळा करता आला. शरीर त्याच्याशी लढतं तेव्हा रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती तयार करणाऱ्या काही पेशी हाडांच्या आत वर्षानुवर्षं राहतात, आणि काही पेशी विषाणूची ओळख लक्षात ठेवतात. तो परत आला की लगेच त्याला धरतात. सर्दी मात्र आपल्याला दरसाल होते, कारण तिचे विषाणू पुष्कळ जातींचे आहेत. फ्लूचा विषाणू तर सारखा रूप पालटतो. कोरोनासुद्धा माणसाला दोनदा होऊ शकतो. गोवराचा विषाणू तसं सोंग घेत नाही, म्हणून शरीर त्याला विसरत नाही.

हे ऐकून आमच्यातला एक जण म्हणाला की मग प्रत्येकाला एकदा गोवर होऊन गेलेला बरा. आमच्या गावातले मोठे लोकही असं म्हणतात. पण ते चूक आहे. गोवरानं फुफ्फुसं सुजतात, कधी मेंदूला सूज येते, मुलं मरतातही. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी पानूम यांनाही ठाऊक नव्हती. गोवर स्वतःची ओळख ठेवतो, पण शरीरानं दुसऱ्या रोगांच्या ज्या ओळखी जमवलेल्या असतात त्यातल्या पुष्कळ पुसून टाकतो. पाटीवर ओला बोळा फिरवल्यासारखं. गोवरातून उठलेलं मूल त्यामुळे पुढे बरेच महिने इतर आजारांनी पडतं. आळीतला तो मुलगा पावसाळाभर खोकत होता.

लस घेतली की गोवर न होता शरीराला गोवराची ओळख होते. ही लस १९६३ साली निघाली. आपल्याकडे ती नवव्या महिन्यात टोचतात आणि दुसरी दीड वर्षाच्या सुमारास. माझ्या धाकट्या बहिणीची दुसरी राहिली होती, कारण पहिलीच्या वेळी तिला ताप आला म्हणून आई घाबरली होती. मी घरी हे सगळं सांगितलं. आई ऐकत नव्हती, पण आजी तिला घेऊन उपकेंद्रात गेली.

फेरो बेटांवरून परत आल्यावर पानूम यांनी १८४७ साली आपला अहवाल छापला. तो आजही डॉक्टर लोक वाचतात. १८५० मध्ये बांडहोल्म गावात पटकीची साथ आली तेव्हाही ते तिथं गेले. पुढे पॅरिसला जाऊन क्लोद बेर्नार या मोठ्या शास्त्रज्ञांकडे शिकले, कील येथे प्राध्यापक झाले आणि १८६४ पासून कोपनहेगनला शिकवू लागले. १८८४ साली जगातल्या डॉक्टरांची मोठी परिषद कोपनहेगनला भरली, तिचे ते अध्यक्ष होते. त्या परिषदेला लुई पाश्चरही आले होते. २ मे १८८५ रोजी पानूम वारले. कोपनहेगनच्या विद्यापीठात वैद्यकी शिकवतात त्या मोठ्या इमारतीला त्यांचं नाव दिलं आहे.

शेजारी मी फेरो बेटांचा नकाशा काढला आहे. सुतार उतरला ते टोर्सहावन लाल टिंबानं दाखवलं आहे. निळा खडू संपला म्हणून समुद्र अर्धाच रंगवला.