मुठीतले धान्य

इचलकरंजीच्या माणसाला मंदी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मागांचा खडखडाट थांबला की आठवड्याचा पगार थांबतो, वाण्याकडची उधारी वाढते आणि मग पोरांच्या शाळेचा विषय निघतो. त्या शाळेतल्या मास्तरांची चूल कशी पेटत असेल, हा प्रश्न मात्र अशा वेळी सहसा कोणाला सुचत नाही. ज्यांना तो सुचला, ते कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच हातकणंगले तालुक्यात, कुंभोजला जन्मले. साल १८८७.

घराणे जैन, वडील महसूल खात्यात नोकरीला. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांचा आधार मिळाला, पण शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे सरकले नाही. पुढे त्यांनी ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले. चरित्रकार हा भाग चार ओळींत उरकतात. माझ्या मते त्यांचे खरे विद्यापीठ तेच. नांगर विकायला गावोगाव हिंडणाऱ्याला कोणाच्या कणगीत किती धान्य आहे आणि कोणाच्या घरात देण्याची दानत आहे, हे बरोबर कळते. आम्ही बँकवाले त्याला पत म्हणतो.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचा कारभार साताऱ्याला नेला. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. या मुलांना खायला घालायचे कशातून? भाऊरावांनी बायकांपुढे पदर पसरला. रोज दळण करताना एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे, एवढेच मागणे. हाच तो मुष्टिफंड. अडतीस वर्षे मी लोकांच्या ठेवी मोजल्या, पण याहून लहान हप्त्याची ठेव पाहिली नाही. रुपया मागितला असता तर घरच्या धन्याला विचारावे लागले असते. मूठ मात्र बाईच्या हातातली! आणि ज्या घरातून रोज मूठ निघते, त्या घराला ती शाळा आपली वाटू लागते.

मूठ पुरेना तेव्हा घरचेच सोने बाहेर पडले. पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. एकदा वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्या गेल्या. कर्मवीर ही पदवी लोकांनी भाऊरावांना दिली खरी, पण तिचा निम्मा वाटा या बाईचा आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मुले जगली, आता त्यांना शिकवणारे हवे होते. १९३५ मध्ये साताऱ्याला शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि १९३८ पासून, यवतेश्वरहून सुरुवात करून, व्हॉलंटरी शाळा निघू लागल्या. पुढे त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. जिथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती अशी ही खेडी. शाळा कुठे देवळात, कुठे धर्मशाळेत. मास्तर एकटा, तुटपुंज्या मानधनावरचा. त्याचा खरा आधार गावच. पण देवळात शाळा भरवणाऱ्या मास्तरालाही म्हातारे आईबाप असतात, लग्नाची बहीण असते. मुठीतल्या धान्याने तो खर्च भागत नाही. रयतेच्या इतिहासात या मास्तरांच्या घरांचा हिशेब कुठेतरी मांडला जायला हवा होता.

कसोटी आली ती स्वातंत्र्यानंतर, तीही आपल्याच सरकारकडून. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला होता. त्याच सुमारास त्यांच्या एका भाषणाचे निमित्त झाले आणि १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. अनुदान थांबले म्हणजे मास्तरांच्या पगाराची वाटच बुजली. अशा वेळी शाळेला कुलूप लागायचे. इथे ते लागले नाही. मास्तर वर्गात उभे राहिले आणि ज्यांच्याकडे मूठच होती त्यांनी मूठ दिली. शेवटी गाडगे महाराज मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे गेले. ज्याच्या हाती खराटा आणि डोक्यावर खापर, त्याने सरकारदरबारी मास्तरांसाठी शब्द टाकला, आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लोकवर्गणीचे कौतुक करता करता सरकारची जबाबदारी हळूच गावाच्या गळ्यात मारण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. भाऊरावांनी ती सूट सरकारला कधी दिली नाही. त्यांनी लोकांकडून धान्य घेतले आणि सरकारकडून अनुदानही मागून घेतले. गावांनी वर्षानुवर्षे सांभाळलेल्या व्हॉलंटरी शाळा पुढे सरकारी शिक्षण मंडळाकडे गेल्या आणि तिथल्या मास्तरांच्या पगाराचा भार सरकारवर पडला. संस्थेच्या सेवकांनी तर आपली सहकारी बँकच उभी केली. अडीअडचणीच्या कर्जासाठी सावकाराच्या ओसरीवर जायला नको, ही त्यातली मोठी सोय. निवृत्त बँकवाल्याला या बँकेचे कौतुक थोडे जास्तच वाटणार.

१९५४ मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजला भाऊरावांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या माणसाला! त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात ते वारले. त्यांची समाधी साताऱ्याला आहे.