वसईचे विजेते चिमाजी आप्पा



पुण्यात ओंकारेश्वराच्या आवारात चिमाजी आप्पांची समाधी आहे. वसईवर चाल करून गेलेल्या सेनापतीचे चरित्र चर्चच्या पत्रकात कशाला, असे कोणी विचारील. आम्ही ते मुद्दाम देत आहोत.

बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे हे पुत्र, थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू. प्रकृती तोळामासा, तरी १७२८ साली आमझेऱ्याला मोगलांवर आणि १७३६ साली सिद्दी सातवर त्यांनी विजय मिळवला. १७३९ साली त्यांनी पोर्तुगीजांच्या वसईला वेढा घातला. तट फोडताना हजारो मराठे पडले. १६ मे रोजी किल्ला शरण आला.

खरी कसोटी त्यानंतरची. सोबत्यांचे मृत्यू ताजे, हातात तलवार आणि समोर बायकामुलांसह हतबल झालेला शत्रू. आप्पांनी मात्र तह केला. शिबंदीने शस्त्रे घेऊन, वाजतगाजत, सन्मानाने बाहेर पडावे. कुटुंबे आणि चीजवस्तू न्यावी. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक असावी. २३ मे रोजी ते लोक बाहेर पडले. सैनिकांचा संताप आप्पांना कळत नव्हता असे नाही. पण राग येणे वेगळे आणि रागाच्या हाती हुकूम देणे वेगळे.

ते संत नव्हते. त्या युद्धात आपली चर्चेस उजाड झाली, घंटा नेल्या गेल्या. तेही विसरता येत नाही.

२००४ साली इराकमधील अबू घ्रेब तुरुंगाची छायाचित्रे जगाने पाहिली. कैद्यांची विटंबना करणाऱ्या शिपायांनी वरून आलेल्या सूचनांकडे बोट दाखवले. वरच्यांनी दोष मूठभर शिपायांवर ढकलला. ख्रिस्तसभेची शिकवण दोघांनाही सोडत नाही. कैद्याला माणुसकीने वागवलेच पाहिजे. हुकूम होता ही सबब चालत नाही, आणि डोळेझाक करणाराही दोषी ठरतो.

१७४० साली, बाजीरावांच्या पाठोपाठ, आप्पा तरुण वयातच वारले. पुढे १७९२ साली बाजीरावांचे पणतू सवाई माधवराव यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती सैनिकांसाठी पुण्यात जागा दिली. तेथेच आजचे सिटी चर्च उभे आहे.

या रविवारी मिस्सामध्ये लष्करात आणि पोलिसांत असलेल्या आपल्या मुलांसाठी प्रार्थना करू या. त्यांच्या ताब्यात असलेल्यांसाठीही करू या, कारण बंदिवानाच्या रूपात प्रभू येशूच आपल्यापुढे उभा असतो.