सिड बॅरेट : ज्याचे गीत, तोच मंचावर नाही

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाचा संस्थापक सिड बॅरेट याचे मूळ नाव रॉजर कीथ. जन्म केंब्रिजचा, ६ जानेवारी १९४६. वडील विकृतिशास्त्रज्ञ होते. ते डिसेंबर १९६१ मध्ये निवर्तले तेव्हा सिडला सोळावे वर्ष पुरे व्हायचे होते. चित्रकला शिकण्यासाठी तो लंडनला गेला आणि गिटारमध्ये रमला. पिंक अँडरसन व फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची नावे जोडून त्याने वाद्यवृंदाचे नामकरण केले. ऑगस्ट १९६७ मधील पहिल्या अल्बमची बहुतेक गीते त्याचीच.

ते वर्ष सरण्यापूर्वीच त्याचे मन ढळू लागले होते. एलएसडीचा वाटा त्यात किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. मंचावर तो कधी एकच सूर छेडीत राही, कधी स्तब्ध उभा असे. जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना त्याला सोबत घ्यायचेच नाही, असे सोबत्यांनी ठरविले. हा निर्णय निष्ठुर होता खरा. परंतु पुढे १९७० मध्ये निघालेल्या त्याच्या दोन्ही एकल अल्बमना हातभार लावला तो याच मंडळींनी, हेही विसरता येत नाही.

मनातली बोच मात्र गेली नाही. डेव्हिड गिल्मोरच्या गिटारवर सहज उमटलेल्या चार सुरांतून ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ आकारले. शब्द रॉजर वॉटर्सचे आणि विषय सिड. ध्वनिमुद्रणापूर्वीच, १९७४ च्या फ्रान्स दौऱ्यात, ते श्रोत्यांसमोर सादर झाले व त्याच वर्षी वेंब्लीतही गाजले. ही रचना नऊ भागांची, सुमारे २६ मिनिटांची. अल्बममध्ये तिचे दोन तुकडे करून ते आरंभी व अखेरीस ठेवले गेले. रिचर्ड राइटच्या कीबोर्डवरील दीर्घ, संथ आलापीनंतर शब्द येण्यास आठ मिनिटांहून अधिक काळ लागतो. ज्याला हाक मारायची तो समोर नाही, हे त्या विलंबातच जाणवते.

जून १९७५ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत याच गीताचे काम चालू असता एक स्थूल, भुवयांसह मुंडन केलेला मनुष्य आत आला. तो सिड आहे हे कळायला मित्रांना बराच वेळ लागला. वॉटर्सला रडू आवरले नाही.

पुढची तीन दशके सिड केंब्रिजला परतून चित्रे आणि बागकाम यांत मग्न राहिला. ७ जुलै २००६ रोजी तो वारला, तेव्हा ‘सिड’ हे नाव त्याने केव्हाच टाकले होते. तो पुन्हा रॉजर झाला होता.