घरची अक्षरओळख ते अहमदनगर : सावित्रीबाई फुले यांच्या घडणीचा एक टप्पा

सावित्रीबाई फुले यांचे चरित्र बहुधा 1848 मधील पुण्याच्या मुलींच्या शाळेपासून सुरू केले जाते. त्यापूर्वीचा काळ एखाद्या वाक्यात उरकला जातो. वस्तुतः शिक्षिका होण्याआधी त्या एक शिकणारी मुलगी होत्या, आणि त्यांचे शिक्षण शाळेत नव्हे, तर सासरच्या घरी सुरू झाले. प्रस्तुत टिपणात या टप्प्याचा विचार केला आहे.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे नेवसे पाटील घराण्यात झाला. 1840 मध्ये त्यांचा विवाह जोतीरावांशी झाला. त्या वेळी त्या नऊ वर्षांच्या, तर जोतीराव तेरा वर्षांचे होते. पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर अक्षरे गिरवणारी मुले असत. मुलींना तेथे जागा नव्हती. शिकलेली स्त्री विधवा होते, अशीही समजूत रूढ होती. अशा वातावरणात मुलीच्या हाती अक्षर देणे हा रूढीचा उघड भंग ठरत असे.

जोतीरावांचे स्वतःचे शिक्षणही मध्यंतरी खंडित झाले होते. गफ्फार बेग मुन्शी व लिजिटसाहेब यांनी वडील गोविंदरावांचे मन वळविल्यावर 1841 मध्ये ते पुन्हा शाळेत जाऊ लागले. शाळेत मिळणारे ज्ञान त्यांनी घरात आणले. सावित्रीबाई आणि सगुणाबाई या दोघींना त्यांनीच अक्षरओळख करून दिली, असे चरित्रकार सांगतात. पुढील अध्यापनाची जबाबदारी सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर या त्यांच्या मित्रांनी उचलल्याची नोंदही चरित्रांत आढळते. घराचे असे शाळेत रूपांतर होणे ही त्या काळी सामान्य घटना नव्हती.

या घरगुती साक्षरतेला अध्यापनाची शिस्त लाभली ती अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील संपर्कातून. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईस आल्या आणि 1839 पासून 1862 मधील मृत्यूपर्यंत नगरमध्ये मुलींच्या शिक्षणाचे काम करीत होत्या. त्यांची शाळा पाहून स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाल्याचे जोतीरावांनी 1853 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये नमूद केले आहे. 1842 मध्ये सुरू झालेले हे नियतकालिकही मूळचे नगरचेच. सावित्रीबाईंनी फरारबाईंच्या संस्थेत व पुण्यातील नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, असे चरित्रपरंपरा मानते. घराने वाचायला शिकवले; कसे शिकवावे, हे या प्रशिक्षणाने शिकवले, असे म्हणता येईल.

या शिक्षणाची किंमत मात्र लवकरच मोजावी लागली. 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात शाळा निघाली आणि 1849 मध्ये सामाजिक दडपणामुळे गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घर सोडावयास लावले. ज्या घरात अक्षरे भेटली, तेच घर अक्षरांपायी सुटले. यातील विरोधाभास केवळ भावनिक नव्हे. एका सुनेने घरात वाचणे समाजाने कदाचित सहन केले असते. तिने इतरांच्या मुलींना शिकविणे मात्र असह्य ठरले.

या घडणीचा सर्वांत बोलका पुरावा सावित्रीबाईंच्या लेखनात आहे. 1854 मध्ये त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. 1856 मध्ये नायगावहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. ज्या माहेरातून त्या निरक्षर निघाल्या होत्या, तेथूनच त्या आपल्या पहिल्या शिक्षकाला लिहीत होत्या. भाऊ आपल्या कार्याला दोष देतो आणि त्याला आपण कसे उत्तर दिले, याचे निवेदन त्यात आहे. येथे शिष्या स्वतःची बाजू स्वतःच मांडते.

म्हणून सावित्रीबाईंच्या कार्याचे मूल्यमापन करताना 1848 हा आरंभबिंदू न मानता 1840 नंतरच्या घरातील धड्यांपर्यंत मागे जाणे आवश्यक ठरते. त्या धड्यांना हजेरीपट नव्हता, परीक्षा नव्हती. परंतु महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाचे एक मूळ तेथेच आहे.