मॅक्स रॉबिन्सन : आवाजाला चेहरा मिळवून देणारा वृत्तनिवेदक

अमेरिकेतील राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या सायंकालीन वार्तापत्राचे पहिले कृष्णवर्णीय निवेदक मॅक्स रॉबिन्सन यांचा जन्म १ मे १९३९ रोजी व्हर्जिनियातील रिचमंड येथे झाला.

१९५९ मध्ये पोर्टस्मथच्या एका स्थानिक वाहिनीवर ते बातम्या वाचू लागले. मात्र वर्णभेदामुळे प्रेक्षकांना केवळ त्यांचा आवाज ऐकू येई. पडद्यावर वाहिनीचे बोधचिन्ह असे. एके रात्री त्यांनी ते हटवून आपला चेहरा दाखविला. दुसऱ्याच दिवशी त्यांना नोकरी गमवावी लागली.

१९६५ मध्ये ते वॉशिंग्टनच्या स्थानिक दूरचित्रवाणीत दाखल झाले. तेथे वार्ताहर म्हणून त्यांनी अ‍ॅनाकोस्टिया या कृष्णवर्णीय वस्तीतील जीवनावर माहितीपट केला. १९६९ पासून ते तेथील मुख्य वार्तापत्राचे सहनिवेदक होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेचे ते एक संस्थापक.

१९७८ मध्ये एबीसीने आपल्या राष्ट्रीय वार्तापत्राच्या तीन निवेदकांमध्ये त्यांची निवड केली. ते शिकागोहून निवेदन करीत. १९८१ मध्ये स्मिथ महाविद्यालयातील भाषणात त्यांनी वृत्तमाध्यमांतील वर्णभेदावर उघड टीका केली आणि वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतली. १९८४ मध्ये ते शिकागोतील स्थानिक वाहिनीत दाखल झाले.

२० डिसेंबर १९८८ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी एड्समुळे त्यांचे निधन झाले. लोकांमध्ये जागृती व्हावी यासाठी मृत्यूचे कारण जाहीर करावे, अशी त्यांची इच्छा होती. एकदा चेहरा झाकण्यास नकार देणाऱ्या रॉबिन्सन यांनी मृत्यूनंतर आपला आजारही झाकून राहू दिला नाही.