कर्व्यांचा थोरला मुलगा

कर्वे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते महर्षी अण्णासाहेब कर्वे. चर्चगेटहून मरीन लाइन्सकडे जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा, पुण्यातला कर्वे रोड त्यांच्या नावाचा, एसएनडीटी विद्यापीठ त्यांनी काढलेलं. 1958 साली भारतरत्न मिळालं तेव्हा अण्णा शंभर वर्षांचे होते. एवढं आपल्या सोसायटीतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण अण्णांना रघुनाथ नावाचा एक थोरला मुलगा होता, आणि बायकांच्या बाबतीत तो वडिलांच्याही चार पावलं पुढे गेला होता, हे किती जणांना माहीत आहे? म्हणून या वेळी त्यांच्याविषयी लिहितो आहे. लोक त्यांना र. धों. कर्वे म्हणून ओळखत. विषय थोडा नाजूक आहे आणि स्मरणिका घरातली लहानथोर सगळी वाचणार, याची मला कल्पना आहे. र. धों.ना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की घरातली सगळी वाचणार म्हणूनच लिहायला हवं.

रघुनाथांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा. कर्वे कुटुंब कोकणातल्या मुरूडचं. आई राधाबाई. 1891 साली बाळंतपणात राधाबाई गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. त्या काळात ही काही नवलाची गोष्ट नव्हती. आपल्याही घरातल्या जुन्या माणसांना विचारा, पणजी किंवा खापरपणजी अशीच गेलेली बऱ्याच घरांत निघेल. लोक हळहळायचे, नशीब म्हणायचे आणि वर्षाच्या आत घरात दुसरी यायची.

अण्णांनी तसं केलं नाही. कुमारिकेशी लग्न न करता त्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. म्हणजे समाजाच्या विरुद्ध गेलं की काय होतं, हे रघुनाथांनी अकराव्या वर्षीच घरात बघून घेतलं होतं. त्याची भीती बसण्याऐवजी सवय झाली असावी, असं मला त्यांचं पुढचं आयुष्य बघून वाटतं.

मुलगा हुशार. 1899 च्या मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसनमधून बी.ए. झाला आणि वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक झाला. पुढे गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसलाही जाऊन आला. फ्रेंच उत्तम येत होती. चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात नोकरी होती. सगळं सुरळीत चाललं होतं. आपल्यापैकी कोणीही असता तर तिथेच पेन्शनपर्यंत राहिला असता.

पण डोक्यात एक प्रश्न होता. अण्णांचं सगळं आयुष्य विधवांसाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी गेलं. त्याचं मोल कमी नाही. पण जिचा नवरा जिवंत आहे, जिच्या कपाळाला कुंकू आहे, त्या सवाष्णीचं काय? तिला दर दीड-दोन वर्षांनी दिवस जातात, अंगात रक्त नाही, आधीची चार लेकरं पायाशी रडताहेत, आणि तिला नको म्हणता येत नाही. शास्त्र म्हणतं नवऱ्याला नकार देऊ नये आणि डॉक्टर म्हणतात आणखी एक बाळंतपण झेपणार नाही. या बाईला शाळा कितीही शिकवली तरी ती सुटते कुठे? वडिलांनी विधवेचा विचार केला आणि मुलाने सवाष्णीचा, असं मी तरी या दोघांचं नातं समजतो.

यावर रघुनाथांना जे उत्तर सापडलं ते म्हणजे संततिनियमन. आज हा शब्द सरकारी वाटतो. ‘निरोध’ची जाहिरात भिंतीवर बघत आपली पिढी मोठी झाली, पण ‘निरोध’ आला 1968 साली. र. धों.नी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 साली. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला. म्हणजे जग ज्या वेळी सुरुवात करत होतं त्याच वेळी एक मराठी गणिताचा मास्तर मुंबईत सुरुवात करत होता. भारतातलं हे पहिलं असं केंद्र मानलं जातं. 1923 साली त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तकही लिहिलं, साध्या भाषेत, कोणती साधनं आहेत आणि ती कशी वापरायची हे सांगणारं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पुढे सरकारने कुटुंबनियोजन आणलं ते लोकसंख्या वाढते म्हणून, देशाला परवडत नाही म्हणून. लोकसंख्येचा विचार र. धों.नीही केला होता. पण त्यांचा खरा जोर वेगळ्या जागी होता. शरीर बाईचं आहे, तेव्हा मूल हवं की नको हे ती ठरवील, आणि शरीरसुखावर पुरुषाइतकाच तिचाही हक्क आहे, असं ते उघडपणे मांडत. 1921 च्या शिरगणतीत शंभरात दोन बायकासुद्धा साक्षर नव्हत्या, अशा काळात हे चाललं होतं. विधवांना शिकवा म्हटल्यावर बहिष्कार टाकणारा समाज, त्याला हे कसं पचणार? कॉलेज मिशनऱ्यांचं. त्यांनी सांगितलं, प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा. 1925 साली र. धों.नी नोकरी सोडली.

मालतीबाईंचं नाव इथे घेतलंच पाहिजे. मूल होऊ द्यायचं नाही असं नवरा-बायकोनी ठरवलं होतं आणि ते पाळलं. आज डिंक कपल म्हणून कोणी सांगितलं तर आपण फारतर भुवया उंचावतो. शंभर वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला गेलेल्या मालतीबाईंना काय काय ऐकावं लागलं असेल! नवऱ्याची पगाराची नोकरी गेली, बाहेर बदनामी झाली, तरी त्या त्यांच्या बरोबर राहिल्या. र. धों.वरचे लेख वाचताना मला नेहमी वाटतं की त्या घरातला हिशोब कसा जुळत होता हे कोणी सविस्तर लिहायला हवं होतं.

नोकरी गेल्यावर माणूस गप्प बसतो. यांनी जुलै 1927 मध्ये मासिक काढलं, ‘समाजस्वास्थ्य’. संपादक तेच, बहुतेक लेखकही तेच. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. शरीराची लाज कशाला, ही त्यामागची भूमिका. (पुरुषाचं चित्र का नाही, असं आजच्या मुली विचारतील, आणि विचारायलाच हवं.) आत लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, लग्नसंस्था, वेश्याव्यवसाय, धर्माच्या नावाने चालणारा ढोंगीपणा, असे विषय असत. पण मासिकाचा जीव म्हणजे वाचकांचे प्रश्न. जे आईबापांना विचारता येत नाही, डॉक्टरला विचारायला जीभ रेटत नाही, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारत. पत्रं बहुतेक पुरुषांची. हस्तमैथुनाने माणूस खंगतो का? बायकोला इच्छा नसते, काय करावं? एखाद्याला स्त्रीऐवजी पुरुषाचीच ओढ वाटते, हा रोग आहे का? र. धों. कोणाला झिडकारत नसत. शास्त्र काय म्हणतं ते सांगत, आणि ज्यातून कोणाला इजा होत नाही त्यात पाप कसलं, अशी त्यांची साधी कसोटी होती.

त्यांचं सगळंच आज पटेल असं नाही. त्या काळातल्या बऱ्याच सुधारकांसारखे तेही सुप्रजाजननाच्या नादी लागले होते, म्हणजे कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत, याची चर्चा. ते लिखाण आज वाचवत नाही. बाईने स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः ठरवावं म्हणणाऱ्या माणसाला, दुसऱ्याने कोणाच्या मुलांबद्दल ठरवावं हे कसं पटलं, हे कोडं मला सुटलेलं नाही. बोलणंही तिरकस. समोरचा दुखावेल म्हणून शब्द मऊ करायचा, हे त्यांना जमत नसे. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, ब्रह्मचर्य हाच मार्ग असं ते सांगत, तर र. धों.नी त्यांच्यावरही टीका करायला कमी केलं नाही. त्या दिवसांत गांधीजींवर टीका करून मित्र किती उरणार?

मग खटले सुरू झाले. 1931 साली व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिलेल्या लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. शंभर रुपये दंड. 1934 साली पुन्हा. या वेळी निमित्त होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचं. हस्तमैथुन, समलिंगी संबंध वगैरे विषय त्यात होते. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

जरा तारखा डोळ्यांपुढे आणा. महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता, गोलमेज परिषदा झाल्या होत्या, पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. साऱ्या देशाचं लक्ष असलेला नेता अशा बदनाम मासिकाचं वकीलपत्र घेतो, यात त्याला मिळणार काय होतं? बदनामीच. तरी घेतलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. मासिक लैंगिक शिक्षणाचं आहे, लोक त्याच विषयावर प्रश्न विचारणार, आणि प्रश्न आला की संपादकाने उत्तर द्यायचं. उत्तर द्यायचं नाही तर मासिकच बंद करा. विषय लैंगिक म्हणून लिखाण आपोआप अश्लील ठरत नाही. समलिंगी ओढीबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या पाश्चात्त्य अभ्यासकांचा आधार घेतला. ओढ जर जन्मजात असेल, तर त्या माणसाने आपल्या पद्धतीने सुख शोधण्यात गैर काय, असाही युक्तिवाद केला. 1934 साली, मुंबईच्या कोर्टात! न्यायाधीशांना पटलं नाही. दोनशे रुपये दंड झाला. खटला हरला, पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. 1938 साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला.

बाई आणि समलिंगी माणूस, हे दोन वेगळे विषय एकाच मासिकात कसे, असं काहींना वाटेल. र. धों.च्या दृष्टीने विषय एकच होता. घर कोणाचं, वंश कोणाचा, मालमत्ता कोणाकडे जाणार, हे पक्कं ठेवण्यासाठी समाज बाईच्या शरीरावर पहारा ठेवतो. त्याच पहाऱ्यात मग लग्नाच्या चौकटीत न बसणारा प्रत्येक जण सापडतो. आपलंच बघा ना. फ्लॅट भाड्याने देताना आपण सगळे फॅमिलीच पाहिजे म्हणतो. नोकरी करणाऱ्या दोन मुली आल्या की कमिटीत चर्चा, दोन पुरुष आले की आणखी दबक्या आवाजात चर्चा. मेंटेनन्स कोण वेळेवर भरतो याची एवढी चर्चा झाली असती तर थकबाकीचा बोर्ड कधीच कोरा झाला असता.

दंड झाला म्हणून ‘समाजस्वास्थ्य’ थांबलं नाही. लिहिणं, प्रुफं तपासणं, अंक टपालात टाकणं, सगळं पदरमोड करून चालू राहिलं. वर्गणीदार थोडे. उघडपणे मासिक हातात धरायची चोरी, त्यामुळे एकाच्या अंकावर दहा जण वाचून घेत असतील. घरच्यांशी नातं मात्र तुटलं नव्हतं. प्रख्यात इरावती कर्वे म्हणजे त्यांचे सावत्र भाऊ दिनकर यांच्या पत्नी. रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे यांनी 1930 च्या दशकाच्या शेवटापासून पुण्यात संततिनियमनाचं काम उभं केलं आणि पुढे कितीतरी वर्षं नेटाने चालवलं. सई परांजपे यांच्या त्या आई.

1952 साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. र. धों. तेव्हा सत्तरीत होते. ज्यासाठी नोकरी गेली तेच आता सरकारी धोरण झालं होतं. पण ते आकड्यांचं धोरण होतं, बाईच्या हक्काचं नव्हे. गर्भपाताचा कायदा यायला 1971 साल उजाडलं. आणि 2018 च्या एकाच सप्टेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. 6 तारखेला प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरलं, आणि 27 तारखेला व्यभिचाराचं जुनं कलम रद्द झालं. र. धों.ना ज्या दोन खटल्यांत दंड झाला त्या लेखांतले विषय हेच होते.

अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा त्यांच्यावरच आहे. किशोर कदम आणि सीमा बिस्वास यांनी रघुनाथ-मालतीबाई उभे केले आहेत. अतुल पेठ्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटकही बसवलं होतं. आपल्या हॉलमध्ये महिन्याला एक सिनेमा दाखवतो, त्यात ‘ध्यासपर्व’ घ्यावा अशी सांस्कृतिक समितीला विनंती. आजी-आजोबा आणि कॉलेजातली मुलं एकत्र बसून बघतील तर उत्तम. जरा अवघडल्यासारखं होईल, पण नंतरच्या चहाला गप्पा रंगतील.

14 ऑक्टोबर 1953 रोजी र. धों. गेले. अण्णा तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते आणि त्यानंतर आणखी नऊ वर्षं जगले. ‘समाजस्वास्थ्य’ सव्वीस वर्षांहून अधिक चाललं. शेवटचा अंक नोव्हेंबर 1953 चा.